कोणतं देऊळगाव?

चिखलीच्या एस.टी. स्टँडवरून जालन्याकडे जाणाऱ्या गाडीत बसावे आणि कंडक्टरपुढे पैसे धरून नुसते 'देऊळगाव एक' म्हणावे. तो तिकीट देणार नाही. आधी विचारील, "कोणतं? मही की राजा?" कारण दोन्ही देऊळगावे त्याच रस्त्यावर आहेत. आधी मही लागते, मग राजा. आणि भाडे वेगळे. खुद्द चिखली तालुक्यात देऊळगाव घुबे आहे. मेहकर तालुक्यात देऊळगाव साकर्शा, लोणार तालुक्यात देऊळगाव कुंडपाळ. बुलढाणा जिल्ह्यात नुसते 'देऊळगाव' म्हणणारा माणूस मुक्कामाला कुठे पोचेल याचा भरवसा नाही. बरे, शेपटाकडून धरावे, नुसते 'राजा' म्हणावे, तर सिंदखेड राजा, मेहुणा राजा, आडगाव राजा, किनगाव राजा अशी आमच्या मुलखात राजांची रांगच उभी राहते.

मी याच गावचा, म्हणजे राजाचा. बँकेच्या नोकरीत अर्धा महाराष्ट्र फिरलो, बदल्यांच्या गावी रात्री जागून कादंबऱ्या लिहिल्या आणि निवृत्तीनंतर पुन्हा बालाजीच्या पायाशी येऊन राहिलो. कंडक्टरचा हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. वैतागूनही ऐकला आहे, कारण घाईत असलेल्या माणसाला असे प्रश्न म्हणजे खोळंबा वाटतो. त्या प्रश्नाची किंमत मला नीट कळली ती आश्विनात, आणि तीही सुनेच्या लॅपटॉपमुळे.

आमची सूनबाई पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअरचे काम करते. बालाजीच्या यात्रेच्या निमित्ताने ती आणि मुलगा आठ-दहा दिवस आले. मुलाने रजा काढली होती. तिने काढली नव्हती. का, ते मला चार दिवसांनी कळले. माडीवरच्या खोलीत, जिथे माझ्या लहानपणी सरकीची पोती असायची, तिथे तिने टेबल मांडले आणि सकाळी नऊला ती वर जाऊन बसू लागली. एके दिवशी मी चहा घेऊन वर गेलो. पडद्यावर रंगीबेरंगी चित्रे दिसतील असे वाटले होते. पाहतो तो काळा पडदा आणि त्यावर अक्षरांच्या ओळी.

"अगं, हे तर आमच्या शाखेतलं मशीन!" मी म्हणालो.

"बाबा, याला टर्मिनल म्हणतात."

"मला सांगतेस? तू पाळण्यात होतीस तेव्हा मी टर्मिनलवर बसत होतो."

यात फुशारकी नव्हती. डॉ. रंगराजन समितीच्या १९८४ आणि १९८९ च्या अहवालांनंतर सरकारी बँकांच्या शाखांमध्ये संगणक येऊ लागले. आधी लेजर लिहिण्यापुरती यंत्रे आली, पुढे सगळी शाखाच त्यावर गेली. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे. माउस नव्हता. काय हवे ते लिहायचे आणि एंटर दाबायचे. मला वाटत होते ते सगळे भंगारात गेले. पण सॉफ्टवेअर लिहिणारी मंडळी आजही दिवसाचा मोठा भाग त्याच काळ्या पडद्यापुढे काढतात. सूनबाईने सांगितलेले कारण मला पटले. माउसने काम करणे म्हणजे दुकानात बोट दाखवून वस्तू मागणे. समोर मांडलेले असेल तेवढेच मिळते. लिहून आज्ञा देणे म्हणजे वाण्याला यादी देणे. 'चाळीस सर्व्हरांवरच्या गेल्या आठवड्याच्या नोंदींतून अमुक चूक शोध' हे बोट दाखवून सांगता येत नाही.

मी पाहत उभा राहिलो. तिची बोटे भराभर चालत होती, पण ती एकही शब्द पूर्ण लिहीत नव्हती. दोन-तीन अक्षरे लिहायची, डाव्या हाताची टॅबची कळ दाबायची की उरलेला शब्द आपोआप उमटायचा. पुढचे दोन अक्षर, पुन्हा टॅब. याला ते ऑटोकम्प्लीट म्हणतात. आपण शब्दपूर्ती म्हणू या. याला पुढचे कसे कळते, असे मी विचारले, तेव्हा तिने जरा विचार करून एक रिकामा कप्पा उघडला आणि त्यात पाच फायली तयार केल्या. नावे आमच्या जिल्ह्यातली, रोमन लिपीत: देऊळगाव राजा, देऊळगाव मही, घुबे, साकर्शा, कुंडपाळ. मग तिने 'देऊ' लिहून टॅब दाबली. 'देऊळगाव' एवढे उमटले आणि यंत्र थांबले. लॅपटॉपमधून 'टुंग' असा आवाज आला.

"आता का थांबलं?"

"कारण पुढे पाच फाटे आहेत. पाचही नावांत जेवढं सारखं, तेवढं त्यानं भरलं. पुढचं तुम्ही सांगा म्हणतंय."

तिने टॅब पुन्हा दाबली. पाचही देऊळगावे खाली मांडली गेली. 'म' लिहून टॅब दाबल्यावर 'मही' पूर्ण झाले, कारण आता संशय उरला नव्हता. मी चहाचा कप हातात तसाच धरून उभा. हा तर आमचा कंडक्टर!

ही युक्ती कोणाची, याचा मी नंतर शोध घेतला. निवृत्त माणसाला वेळ असतो आणि कादंबरीकाराला चौकशीची खोड. १९६९ च्या सुमारास अमेरिकेत बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन नावाच्या कंपनीत 'टेनेक्स' ही संगणकप्रणाली तयार होऊ लागली. तिच्यात शब्दाची सुरुवात लिहून एस्केपची कळ दाबली की यंत्र उरलेला शब्द भरी. एवढेच नव्हे, तर पुढे काय अपेक्षित आहे तेही सांगे. नक्कल करण्याची आज्ञा दिलीत तर 'कोणत्या फायलीची', ते लिहिलेत तर 'कुठे', असे कंसातले शब्द ते स्वतःच छापी, म्हणजे आपण काय बोलतो आहोत हे बोलणाऱ्यालाही समजावे. तिच्यापासून पुढे निघालेल्या टॉप्स-ट्वेंटी प्रणालीत अडलात तर प्रश्नचिन्ह दाबायचे. इथून पुढे काय काय शक्य आहे त्याची यादी येई. पहिल्या दिवशी नोकरीला लागलेल्या माणसालाही हे यंत्र हाताला धरून नेत असे.

त्याच सुमारास बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची युनिक्स घडवत होते. त्यांनी वेगळाच मार्ग काढला: शब्दच तोकडे केले. त्या वेळी पडदे नव्हते, टेलिप्रिंटरसारखी यंत्रे होती. त्यांतले प्रसिद्ध मॉडेल ३३ सेकंदाला दहा अक्षरे छापी आणि त्याच्या कळा दाबायला बोटांत जोर लागे. म्हणून 'कॉपी'चे झाले सीपी, 'मूव्ह'चे एमव्ही, 'रिमूव्ह'चे आरएम. 'क्रिएट' या शब्दाचे शेवटचे ई अक्षरही त्यांनी गाळले. पुन्हा युनिक्स लिहायचे झाले तर काय बदलाल, असे थॉम्पसनना पुढे कोणी विचारले तेव्हा 'ते ई परत घालीन' असे ते म्हणाले. पण फायलींची नावे तर लोक लांबच ठेवणार. मग कार्नेगी मेलन विद्यापीठात केन ग्रीअर यांनी १९७० च्या दशकात टेनेक्सची शब्दपूर्ती युनिक्सच्या 'सी शेल'मध्ये आणायला घेतली. त्यातून टीसीशेल झाले. त्या नावातला 'टी' टेनेक्सचा आहे. शेल म्हणजे माणूस आणि यंत्र यांच्या मध्ये खिडकीवर बसलेला कारकून. आपले म्हणणे तो ऐकतो, आत पोचवतो, उत्तर बाहेर देतो. १९८९ साली ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेले 'बॅश' आले आणि टॅबची कळ जगभरच्या बोटांत मुरली.

तो 'टुंग' आवाज मात्र त्याहून जुना. टेलिप्रिंटरमध्ये खरोखरची घंटा असे. अक्षरांच्या जागतिक सांकेतिक यादीत 'घंटा वाजव' याला स्वतःचा क्रमांक आहे, सात. पडदे आले, घंटी गेली, क्रमांक राहिला. फाटा फुटला की यंत्र आजही सात क्रमांक पाठवते. बहुतेक लोक तो आवाज बंद करून ठेवतात, असे सूनबाई म्हणाली. तिने स्वतः ऑफिसात बंदच ठेवला होता. मला दाखवण्यासाठी चालू केला.

आता जरा माझ्या खिडकीकडे वळतो.

१९९० च्या दशकाच्या शेवटची गोष्ट. शाखा कोणत्या बँकेची ते सांगत नाही. चूक बँकेची नव्हती, माझी होती. शाखा कापसाच्या पट्ट्यातली. नुकताच संगणक आला होता. खाते क्रमांक माहीत नसेल तर ग्राहकाच्या नावाची सुरुवातीची अक्षरे लिहायची, पडद्यावर जुळणाऱ्या नावांची यादी येई, बाणाने खाली-वर जाऊन हवे ते निवडायचे. कारकून नोंद करी आणि अधिकारी आपला पासवर्ड घालून ती मंजूर करी. दोघांच्या नजरेखालून गेल्याशिवाय पैसा हलायचा नाही, हा बँकेचा जुना नियम यंत्रातही होता.

एक बाई आली. नवरा वारला होता, त्याच्या विम्याचा धनादेश होता, पंचवीस हजारांचा. पासबुक घरी राहिले होते. पुतण्याने स्लिप भरून दिली, खाते क्रमांकाची जागा कोरी. कारकुनाने नाव लिहायला सुरुवात केली. आडनाव, मग बाईचे नाव, यादी आली. पहिल्याच ओळीत आडनाव तेच, नाव तेच, गावही तेच. त्याने एंटर दाबले. मी पडदा पाहिला. नाव बरोबर, गाव बरोबर, रक्कम बरोबर. मंजूर केले.

त्याच गावात त्याच आडनावाची, त्याच नावाची दुसरी बाई होती. फरक फक्त नवऱ्याच्या नावात. आणि आमच्या नोंदीत आधी आडनाव, मग बाईचे नाव, शेवटी नवऱ्याचे नाव. पडद्याची ओळ ऐंशी अक्षरांची. ही ऐंशीही १९२८ च्या आयबीएमच्या भोकाच्या कार्डापासून चालत आलेली. कार्डावर ऐंशी रकाने म्हणून पडद्यावर ऐंशी. त्यात खाते क्रमांक, गाव, शिल्लक हे सगळे बसवायचे, म्हणून नावाला जेवढी जागा ठेवली होती तीत नवऱ्याचे नाव बसतच नव्हते. कापले जायचे. दोघींमध्ये जे सारखे होते ते यंत्राने सगळे दाखवले आणि जे वेगळे होते तेवढेच नेमके झाकले.

तीन आठवड्यांनी, मृग तोंडावर आला असताना, ती बियाण्याला पैसे काढायला आली. खात्यात जेमतेम शंभर रुपये. तिने आरडाओरड केली नाही. पासबुक माझ्या टेबलावर उघडे ठेवून ती समोरच्या बाकावर बसून राहिली. ते मला जास्त लागले. शोध घेतला तेव्हा दुसरीच्या खात्यातले पैसे निघून गेले होते. तिचाही दोष नव्हता. तेव्हा एकाधिकार योजनेतले कापसाचे पैसे हप्त्याहप्त्याने, कधी वर्षाने येत. तिला वाटले, राहिलेला हप्ता जमा झाला. तिने कृषी केंद्राची उधारी फेडून टाकली होती. मी त्या पहिल्या बाईला बियाण्यापुरते पैसे स्वतःच्या पगारातून दिले. नियमात बसणारे नव्हते ते, पण मृग काही नियम पाहून येत नाही. बाकीची रक्कम दुसरीकडून हप्त्यांनी वसूल होईपर्यंत वर्ष गेले. मला मेमो मिळाला, तो योग्यच होता. त्या बाईची पेरणी मात्र दहा दिवस मागे पडली. त्या वर्षी तिला किती पिकले, हे विचारायचे धैर्य मला झाले नाही.

आमच्या शाखेत संगणकापूर्वी एक हेडकॅशियर होते. टोकन पुकारताना ते नुसते नाव घेत नसत, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव आधी घेत. "अमक्याची अमकी कोण?" लोक हसायचे. त्यांचे डोके उलट चालते, असे मीही म्हणायचो. त्यांच्या खिडकीतून चुकीच्या हातात पैसे गेल्याचे मला आठवत नाही.

ही गोष्ट मी घरात कधी बोललो नव्हतो. त्या दिवशी माडीवर, पाच देऊळगावे पडद्यावर असताना, ती सूनबाईला सांगितली. ती ऐकून गप्प झाली. मग म्हणाली, "बाबा, मी रजा का नाही घेतली, ते यासाठीच."

तिच्या कंपनीत कामासाठी स्वतःची एक आज्ञाप्रणाली आहे. शेकडो आज्ञा, प्रत्येकीला डझनभर पर्याय. नव्या मुलांच्या ते लक्षात राहत नाही, म्हणून शब्दपूर्ती सुधारण्याचे काम तिच्याकडे आले. हल्ली नुसत्या टॅबवर कोणी समाधानी नसते. २००५ साली 'फिश' नावाचे शेल निघाले. त्याच्या पुढच्या आवृत्त्यांत तुम्ही लिहू लागताच, न मागता, उरलेली सगळी ओळ फिकट करड्या अक्षरांत पुढे दिसू लागली. मान्य असेल तर उजवा बाण दाबा, नसेल तर लिहीत राहा. ही सूचना मुख्यतः तुम्ही पूर्वी काय लिहिले होते त्यावरून येते. गूगलनेही २००४ पासून शोधाच्या खिडकीत असे पुढचे सुचवायला सुरुवात केली, ते तर आता शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. आणि २०२१ मध्ये गिटहब कोपायलट आल्यापासून यंत्रे ओळच काय, परिच्छेद सुचवतात.

(माझा फोनही सुचवतो. मराठीत त्याची दमछाक होते ती पाहण्यासारखी असते. इंग्रजीत 'हाउस' एकदा शिकला की काम भागले. आपल्याकडे घर, घराला, घरातून, घरासमोरच्या, घरासमोरच्यांनाही... शब्दाचे शेपूट वाढतच जाते. नव्या कादंबरीचे एक प्रकरण मी फोनवर लिहिले, त्यात एका गंभीर प्रसंगी 'विधवा'चे 'विधान' झाले होते. ते पुढे कंपोझिटरच्या नजरेला पडले, माझ्या नाही.)

सूनबाईने फिशसारखी करडी सूचना आपल्या प्रणालीत आणली. क्रम ठरवला तो वापरावरून: जी गोष्ट सर्वांत जास्त आणि सर्वांत अलीकडे वापरली गेली ती आधी. हे सगळीकडे असेच करतात आणि दहातल्या नऊ वेळा बरोबरच येते. लोक खूश झाले. कळा वाचल्या. मग भाद्रपदात एका रात्री नव्याने लागलेल्या एका मुलाला चाचणीच्या सर्व्हरवरची माहिती पुसून नव्याने भरायची होती. रोजचे काम. सर्व्हर दोन, नावांची सुरुवात एकच. एक चाचणीचा, दुसऱ्यावर खऱ्या ग्राहकांची माहिती. दिवसभर सगळे जण खऱ्या सर्व्हरवर दुसरेच काही काम करत होते, त्यामुळे यंत्राच्या लेखी ते नाव वर आले होते. मुलाने आज्ञा लिहिली, नावाची चार अक्षरे लिहिली, पुढे करडी अक्षरे उमटली. त्याने बाण दाबला, एंटर दाबले.

माहितीची प्रत होती. ती परत भरण्यात सगळी रात्र आणि दुसऱ्या दिवसाची दुपार गेली. ग्राहकांची ओरड झाली. बैठकीत तिला कोणी काही बोलले नाही. मुलाने दोनदा वाचायला हवे होते, असेच सर्वांचे मत पडले.

"पण बाबा, त्याला ते नाव सुचवलं माझ्या कोडनं. आणि तो मुलगा आता प्रत्येक आज्ञा लिहिल्यावर हात मागे घेऊन बसतो. मी पाहते ना."

अशा चुका थोरामोठ्यांच्या घरीही होतात. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या नावाजलेल्या कंपनीत एक थकलेला अभियंता बिघडलेल्या दुय्यम सर्व्हरवरचा कप्पा पुसू गेला आणि मुख्य सर्व्हरवरचा पुसून बसला. दोन यंत्रांच्या नावात फरक एका आकड्याचा: डीबी-एक आणि डीबी-दोन, पुढचे सगळे तेच. एक-दोन सेकंदांत चूक ध्यानात येऊन त्याने आज्ञा थांबवली, तोवर सुमारे तीनशे जीबीपैकी साडेचार उरले होते. प्रती घेण्याच्या व्यवस्थाही एकामागून एक निकामी निघाल्या. नशिबाने सहा तासांपूर्वीची एक प्रत कोणीतरी सहज काढून ठेवलेली होती. त्या कंपनीचा मोठेपणा असा की त्यांनी काहीही झाकले नाही. दुरुस्तीचे काम यूट्यूबवर जगाला थेट दाखवले, आणि पुढे कारणांचा तपशीलवार अहवाल छापला. तिथे टॅबचा दोष होता असे मुळीच नाही. पण माणसाची नजर शब्दाच्या सुरुवातीवर विसावते आणि धोका शब्दाच्या शेवटी बसलेला असतो, एवढे त्यातून मला दिसले.

पुढचे तीन दिवस सासऱ्या-सुनेने काय केले म्हणाल, तर भांडलो. मी म्हणायचो, करडी अक्षरे काढूनच टाक. ती म्हणायची, "तसं नाही चालत बाबा. दिवसाला हजार वेळा तीच नावं लिहायची तर माणूस लिहिण्यातच चुकतो." तेही खरे. हाताने लिहिलेल्या खाते क्रमांकात आकडे उलटेपालटे झाल्याने संध्याकाळी ताळा न जुळता आम्ही रात्री दहापर्यंत बसलेले आहोत. टॅबने भरलेल्या नावात निदान शुद्धलेखनाची चूक नसते. शिवाय फिशने एक चांगली गोष्ट केलेली आहे: जुन्या आज्ञेत एखाद्या फायलीचे नाव असेल आणि ती फाइल आता तिथे नसेलच, तर ते ती आज्ञा सुचवत नाही. मेलेल्या खातेदाराच्या नावे पासबुक छापायचे नाही, म्हणा ना.

तिचे म्हणणे हळूहळू मला उमगत गेले. सुधारणा म्हणजे जास्त ओळखणे नव्हे, असे तिला वाटू लागले होते. वाचण्याची, पाहण्याची, यादी दाखवण्याची आज्ञा असेल, तर यंत्राने खुशाल पुढचे सगळे सुचवावे. चुकले तर काय बिघडले? पण पुसण्याची, बदलण्याची, पाठवण्याची आज्ञा असेल, तर यंत्राने टेनेक्ससारखे वागावे. सारखे तेवढे भरावे आणि फाट्यावर थांबावे. मग यादी दाखवताना पहिले अक्षर मनुष्याला लिहू द्यावे, यंत्राने त्याचा हात धरू नये. दुसरे, वेगाचे. सूचना दहाव्या हिश्श्याच्या सेकंदाच्या आत आली तर माणसाला ती लगेच आल्यासारखी वाटते, उशिरा आली तर तोवर बोटे पुढे गेलेली असतात. पण नेमक्या धोक्याच्या जागी ताजी माहिती दूरच्या सर्व्हरला विचारून आणावी लागते, त्याला वेळ लागतो. तिथे काल साठवलेली यादी चटकन दाखवायची की आजची थांबून दाखवायची? तिने थांबायचे ठरवले. तिच्या वरिष्ठांना ते पसंत नव्हते. फोनवर बराच वेळ बोलणे चालले, इंग्रजीत, आणि मधूनच मराठीत चढ्या आवाजात.

तिसरी गोष्ट मात्र माझ्या त्या बाईची. ती नंतर तिने सरळ उचलली. यादीतली नावे लांब झाली की पडद्यावर मावत नाहीत, मग यंत्र शेवट कापते आणि तीन टिंबे देते. आता तिच्या प्रणालीत ते उलट झाले आहे. सगळ्यांत सारखे आहे ते आक्रसते आणि वेगळे आहे ते ठळक दिसते. पाच देऊळगावे असतील तर 'देऊळगाव' पाच वेळा दिसत नाही. मही, राजा, घुबे, साकर्शा, कुंडपाळ दिसतात. आमच्या हेडकॅशियरना हे दाखवायला हवे होते. ते आता नाहीत.

बँकांनाही ही अक्कल सावकाशच आली, हे माजी बँकवाला म्हणून सांगायला हरकत नाही. एनईएफटी किंवा आरटीजीएसने पैसे पाठवताना वर्षानुवर्षे फक्त खाते क्रमांक पाहिला जाई. तुम्ही लिहिलेले नाव त्या क्रमांकाच्या धन्याशी जुळते का, हे कोणी ताडत नसे. ३० डिसेंबर २०२४ ला रिझर्व्ह बँकेने फर्मावले की १ एप्रिल २०२५ पर्यंत सर्व बँकांनी पाठवणाऱ्याला समोरच्या खातेदाराचे नाव आधी दाखवण्याची सोय करावी. यूपीआय आणि आयएमपीएसमध्ये ती आधीपासून होती. बातमी वाचून मी कात्रण कापून ठेवले. पत्नी म्हणाली, आता याचे काय करणार? मलाही सांगता आले नाही.

यात्रा आटोपून दोघे पुण्याला गेली. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी सूनबाईने आपला बदल कंपनीत सर्वांना लागू केला आणि घंटीचा आवाज चालू ठेवला; निदान पुसण्याच्या आज्ञेपुरता. माडीवरून दोनदा 'टुंग' ऐकू आले. खाली माजघरात पत्नी म्हणाली, दूधवाला आला वाटते.

परवा तिचा फोन होता. त्या नव्या मुलाचे कसे चालले आहे, हे मी आधी विचारले. बरा आहे म्हणाली, परवा त्याने स्वतःहून रात्रीचे काम मागून घेतले. बाकीच्यांची मात्र तक्रार आली आहे की पूर्वीपेक्षा दोन कळा जास्त दाबाव्या लागतात.

"मग काय करणार?"

"काही नाही. येऊ देत तक्रारी," ती म्हणाली. मग आईंशी बोलायचे आहे म्हणून तिने मला फोन द्यायला सांगितला.